वाचनालयातला इतिहासाचा रविवार वर्ग : सहाही रविवार केले, त्याचा अनुभव

आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात पावसाळा सरता सरता इतिहासाचा एक वर्ग भरतो. सहा रविवार, सकाळी ११ ते २, फी ६०० रुपये, त्यातच झेरॉक्स आणि दोन वेळचा चहा. यंदाचा विषय होता उत्तराधुनिक विचार, म्हणजे सगळ्यांसाठी एकच मोठी खरी गोष्ट असते यावर शंका घेणारा विचार, आणि इतिहास. मी सगळे सहा रविवार केले, एकही चुकवला नाही. शाळेतल्या दोघीतिघी विचारून राहिल्या की करावा का, आपल्याला झेपते का, पैसे वाया तर नाही जात, म्हणून इथं सगळं लिहून टाकते. घाईत असाल तर एवढंच वाचा : करा. पण पाचव्या रविवारी जे अर्धवट सुटतं ते सरांकडून मागून घ्या, सोडू नका. ते काय ते पुढं सांगते.

शिकवणारे सर कॉलेजातून रिटायर झालेले आहेत. नाव टाकत नाही, त्यांनीच सांगितलं की माझं नाव नको, वर्गाचं लिहा.

आता माझं थोडं. मी वर्धा जिल्ह्यात नदीकाठच्या एका गावात राहते, अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला इतिहास शिकवते. एमए नागपूर विद्यापीठातून केलं तेव्हा इतिहासलेखनशास्त्राचा पेपर होता, त्यात उत्तराधुनिकता म्हणजे गाईडमधली पाच वैशिष्ट्यं, ती पाठ केली, लिहिली, पास झाले, त्यातलं एक वाक्य कशासाठी आहे ते कळलं नव्हतं. या वर्गाला जायचं खरं कारण मात्र दुसरंच होतं. माझं माहेर नदीपलीकडचं, वऱ्हाडातलं. माझ्या मोठ्या बाबांनी, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावानं, २००७ साली आत्महत्या केली, शेतकरी होते. माहेरी पत्र्याच्या पेटीत सरकारी मदतीसाठी झालेल्या त्यांच्या चौकशीचा कागद आहे आणि त्यावर 'अपात्र' असा शब्द आहे. दहावीला मी पोरांना शिकवते की लेखी कागद म्हणजे इतिहासाचं साधन, आणि दरवेळी हा कागद डोळ्यापुढं येतो. कागद सांगतो ते खरं मानायचं का, आणि नाही मानायचं तर मग बाकीचे कागद काहून मानायचे, हा प्रश्न घेऊन मी गेले होते.

वर्गात आम्ही ११ जण. दोन पोरं स्पर्धा परीक्षावाली, एक कृषी सहायक, एक रिटायर तलाठी काका, बचत गटाच्या एक ताई, पारधी समाजाचा एक पोरगा जो बीएड करून राहिला, एक पेपरचा वार्ताहर, बाकी आम्ही शिक्षक.

पहिल्याच रविवारी सरांनी रांकेचं सांगितलं, तो जर्मन इतिहासकार ज्यानं १८२४ मध्ये लिहिलं की मला फक्त जसं घडलं तसं दाखवायचंय. मग म्हणाले, बरं, आपणही दाखवून पाहू, आठ दिवसांपूर्वी पोळा झाला, प्रत्येकानं आपल्या गावचा पोळा दहा ओळींत लिहा, खोटं एक अक्षर लिहायचं नाही. आम्ही लिहिलं. कृषी सहायक भाऊंनी बैलजोड्या किती होत्या आणि मागच्या वर्षीपेक्षा किती कमी झाल्या ते लिहिलं. तलाठी काकांनी तोरण कोणाच्या हातून तुटलं, मानाची जोडी कोणाची, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, कोणी म्हटल्या, हे सगळं नावानिशी. मी आदल्या दिवशीच्या खांदशेकणीपासून सुरू केलं आणि आमच्या घरी आता बैलच नाही, ट्रॅक्टरला हळद-कुंकू लावलं, इथं संपवलं. बचत गटाच्या ताईंच्या दहा ओळींत पहाटे ४ ला उठून शिजवलेलं पुरण होतं, चुलीचा धूर होता, बैल एकदम शेवटच्या ओळीत आले, ओवाळण्यापुरते. आणि त्या पारधी पोरानं लिहिलं होतं, आम्ही तोरणाच्या बाहेर उभं राहून पाहिलं, आमच्याकडं वावर नाही म्हणून बैल नाही. बस, दोनच ओळी.

कोणी खोटं लिहिलं नव्हतं, तरी ११ पोळे झाले. सर तेव्हा काहीच बोलले नाही, कागद गोळा केले आणि चहा सांगितला. मला हा भाग फार आवडला कारण थिअरीचा एक शब्द न काढता थिअरी आमच्या पुढ्यात येऊन बसली होती.

दुसऱ्या रविवारी हेडन व्हाइट. हा अमेरिकन माणूस, १९७३ चं त्याचं 'मेटाहिस्टरी' पुस्तक, त्यात तो एकोणिसाव्या शतकातले चार मोठे इतिहासकार घेतो आणि दाखवतो की मिशलेनं अद्भुत पराक्रमाची कथा लिहिली, रांकेनं सगळं शेवटी जुळून येतं अशी सुखान्त, तॉकव्हिलनं शोकान्त आणि बुर्कहार्टनं उपरोधाची. म्हणजे घटना रांगेत उभ्या राहून आपली गोष्ट आपणच सांगत नाही, गोष्ट कुठून सुरू करायची आणि कुठं थांबवायची हे लिहिणारा ठरवतो आणि अर्थ तिथं तयार होतो. मग सरांनी आमचे पोळ्याचे कागद काढले. माझा शोकान्त निघाला, कारण मी ट्रॅक्टरवर थांबले. तलाठी काकांचा पराक्रमाचा. ताईंचा शेवट गोड होता, सगळे जेवले. पोळा तोच, पण मी जर दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यावर थांबले असते, लहान पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतात तिथं, तर माझीही गोष्ट हसरी झाली असती. घरी जाताना काळीपिवळीत मी हेच घोकत होते. शाळेच्या पुस्तकातला प्रत्येक धडा कुठं सुरू होतो आणि कुठं थांबतो हे मी त्या दिवसापासून पाहते, आधी कधीच पाहिलं नव्हतं.

सरांनी एक गोष्ट मात्र तिथंच ठासून सांगितली आणि ती चांगली केली : व्हाइट घटना घडलीच नाही असं म्हणत नाही. पोळा झाला. बैल होते. तो म्हणतो त्याची गोष्ट करताना आपण साचा वापरतो.

ल्योतार हा फ्रेंच विचारवंतही त्याच दिवशी झाला. १९७९ चं पुस्तक, मुळात तो कॅनडातल्या क्युबेक सरकारच्या विद्यापीठ परिषदेसाठी लिहिलेला अहवाल होता, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणणं हे की महाकथनांवरचा विश्वास उडणं म्हणजे उत्तराधुनिक अवस्था. महाकथन म्हणजे सगळ्या छोट्या गोष्टी पोटात घेणारी एक मोठी गोष्ट, जसं प्रगती. सरांनी उदाहरण कापसाचं दिलं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध, तिकडचा कापूस बंद, इकडं वऱ्हाडच्या कापसाला भाव, १८६७ ला रेल्वे नागपुरात, खामगावची बाजारपेठ फुलली, आणि आपण म्हणत आलो की वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड. ही गोष्ट १८६७ ला थांबवली तर प्रगती. १८९९-१९०० च्या दुष्काळापर्यंत नेली, जेव्हा रेल्वे होती, कापूस होता आणि माणसं उपाशी होती, तर तीच गोष्ट वेगळी होते. पेटीतल्या कागदापर्यंत नेली तर अजून वेगळी, हे मी मनातल्या मनात म्हटलं.

नदीचं पण सर छान सांगतात. आमच्याकडं वर्धा नदी ही हद्द. अलीकडं नागपूरकर भोसल्यांचं राज्य, १८५४ ला ते खालसा झालं, मग मध्यप्रांत, मालगुजारी, म्हणजे गावचा सारा मालगुजार भरणार. पलीकडं वऱ्हाड, १८५३ च्या तहानं निजामानं इंग्रजांच्या ताब्यात दिलेलं, तिकडं रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा देणार. नावेतून १० मिनिटं लागत होती पण दप्तर वेगळं, शेतसारा ठरवायची पद्धत वेगळी, गावचा मालक कोण याचं उत्तर वेगळं. तेव्हा दोन काठांची माणसं इतिहासात दोन वेगळ्या प्रकारची प्रजा म्हणून दिसतात आणि त्यांच्यात सोयरिकी होत होत्या हे कुठल्याच दप्तरात ठळक दिसत नाही. माझीच सोयरीक नदी ओलांडून झालेली, म्हणून हे मला लागलं.

तिसरा रविवार सगळ्यात भारी. त्या एका रविवारासाठी ६०० रुपये दिले असते तरी चाललं असतं. विषय फूको, हा पण फ्रेंच विचारवंत. १९७५ चं त्याचं तुरुंग आणि शिक्षेवरचं पुस्तक, त्यात तो दाखवतो की तुरुंग, शाळा, दवाखाना, बराकी यांची रचना एकसारखी होत गेली, वेळापत्रक, हजेरी, तपासणी, प्रत्येक माणसाची फाइल, आणि ज्ञान आणि सत्ता एकमेकांना धरून चालतात. मी शिक्षिका आहे, रोज सकाळी हजेरी घेते, मला वाटलं हे जरा ताणलेलं आहे. तेवढ्यात तो पारधी पोरगा बोलला. म्हणाला, "मॅडम, तुमच्या हजेरीत पोरगं गैरहजर राहिलं तर घरी निरोप जाते. आमच्या आजोबाच्या हजेरीत गैरहजर राहिलं तर जेल."

मग सरांनी सगळा इतिहास उलगडला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, १९११ ला तो देशभर लागू करता येईल असा वाढवला, जन्मानंच गुन्हेगार, नाव नोंदवा, ठरल्या वेळी हजेरी द्या, गाव सोडायचं तर परवानगी. रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. आता बघा, त्या काळचे पोलीसचे कागद कोणी संशोधक उघडेल तर त्याला काय दिसेल? पारध्यांचे गुन्हे दिसतील, पानंच्या पानं. परवानगीशिवाय गावाबाहेर जाणं हाच गुन्हा, मग गुन्हे दिसणारच. कायदाच गुन्हेगार तयार करतो, मग कागद मोजतो, मग कागद पुरावा होतो. त्या पोरानं एकच विचारलं, की आमच्या आजोबाचं म्हणणं कोणत्या कागदात आहे. वर्गात कोणी बोललं नाही बराच वेळ.

तिथून विषय रसेल आणि हिरालाल यांच्याकडं गेला, १९१६ साली मध्यप्रांतातल्या जाती-जमातींवर त्यांचे ४ खंड निघाले. एका इंग्रज अधिकाऱ्यानं आणि त्याच्या इथल्या सहकाऱ्यानं लिहिलेलं पुस्तक, आणि १०० वर्षांनी तेच कोर्टात वाचलं जाते. गोवारींचं, म्हणजे गुरं राखणाऱ्या समाजाचं, प्रकरण विदर्भात कोणाला सांगायला नको. २३ नोव्हेंबर १९९४, नागपूर अधिवेशन, मोर्चा, चेंगराचेंगरी, ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरंच जास्त. मागणी काय, तर अनुसूचित जमातीच्या यादीत 'गोंड गोवारी' असं जे लिहिलंय ते आम्हीच. यादीतले दोन शब्द नेमके कोणाचं नाव आहे, एवढ्यावर सगळं. २०१८ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. मी आधी समजत होते की शब्द, भाषा, संहिता हे सगळं पॅरिसमधल्या लोकांचं रिकामपणाचं बोलणं आहे. आपल्याकडं दोन शब्दांच्या वाचनावर पिढ्यांचं आयुष्य लटकलेलं आहे बाप्पा, आपल्यापेक्षा जास्त गरज कोणाला आहे या विचाराची?

तलाठी काका त्या दिवशी फार मोकळे झाले. म्हणाले, "मॅडम, पेरेपत्रक आम्ही काही वेळा चावडीत बसूनच भरलं, कोणत्या धुऱ्यापर्यंत तूर अन् कुठून पऱ्हाटी हे कोतवालाले विचारून. आता तुम्ही म्हणता ते संशोधनाचं साधन हाय." खरं बोलायला हिंमत लागते, आणि त्यांच्या त्या एका कबुलीतून मी जेवढं शिकले तेवढं नोट्समधून नाही.

चौथ्या रविवारी वर्ग वाचनालयात नव्हता, सगळे वर्धा जिल्ह्यातल्याच आष्टीला गेलो, शहीद स्मारकाजवळ. गाडीभाडं वेगळं घेतलं, माणशी ८० रुपये, ते आधी सांगायला पाहिजे होतं. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस, त्याच दिवशी इकडं आष्टीत आणि तिकडं चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरला उठाव झाला, गावकऱ्यांचे जीव गेले, पोलीस आणि सरकारी अधिकारीही मारले गेले. चिमूरला नंतर फौज आली आणि बायांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपवास केला. हे आपल्याकडं सगळ्यांना थोडंफार माहीत आहे, भजनात आहे, भाषणात आहे.

सरांनी तिथं सावलीत बसून इतिहासकार रणजित गुहांचं सांगितलं. सबाल्टर्न, म्हणजे खालच्या थरातल्या माणसांच्या, अभ्यासाचा पहिला खंड १९८२ चा, आणि पुढच्याच वर्षी त्यांचा बंडाच्या सरकारी गद्यावरचा लेख आला. ते दाखवतात की सरकारी अहवालात शेतकऱ्यांचं बंड नेहमी वणव्यासारखं पसरते, साथीसारखं लागते, वादळासारखं फुटते, म्हणजे निसर्गातली आपत्ती होऊन येते, त्यात माणसानं विचार करून काही ठरवलं असं कुठं दिसतच नाही. आणि पुढचे इतिहासकार, सहानुभूती असलेले सुद्धा, तेच शब्द उचलतात. मग इतिहासकार शाहिद अमीन यांचं चौरीचौरावरचं काम, १९९५ चं पुस्तक. ४ फेब्रुवारी १९२२ ला लोकांनी पोलीस ठाणं जाळलं, गांधीजींनी असहकार थांबवला, राष्ट्राच्या गोष्टीत चौरीचौरा म्हणजे एक चूक एवढंच उरलं. अमीन त्या गावात गेले, नातेवाइकांशी बोलले, कोर्टातले जबाब आणि घरातल्या आठवणी शेजारी ठेवून वाचल्या. जिथं दोन्ही जुळत नाही तिथं ते थांबतात, लोकांना असं काहून आठवते ते शोधतात.

सरांनी आम्हाला काम दिलं, आपापल्या गावात ४२ ची एक आठवण विचारून आणा. माझ्या सासूबाईंनी त्यांच्या आईकडून ऐकलेलं सांगितलं, की त्या दिवसात घरात चूल पेटवत नव्हते कारण धूर दिसला की शिपाई येत. हे कुठल्या पुस्तकात मला सापडलेलं नाही. खरं असेल, एखाद्या दुसऱ्या वर्षाचं यात मिसळलं असेल, पण भीती कशी होती हे त्या धुरातून कळते. असं ऐकलेलं कसं वापरायचं, कशाला पुरावा म्हणायचं आणि कशाला नाही, यावर परतीच्या गाडीत सगळे इतके भांडले की ड्रायव्हरनं पण मत दिलं.

आता पाचवा रविवार, तक्रार इथं आहे. सोयाबीनची सोंगणी सुरू झाली होती, ११ पैकी ६ च आले, १२ ला लाइन गेली. बार्थ आणि देरिदा हे दोन फ्रेंच विचारवंत एकदम धडाधड झाले, इंग्रजी झेरॉक्सवर बोट ठेवून. देरिदाची विरचना म्हणजे काय ते मला आजही सांगता येत नाही, संहितेत जे दाबलं गेलं ते शोधणं एवढाच धागा हाती लागला, तो पण तिसऱ्या रविवारामुळं. हे चालून गेलं असतं. पण ज्या प्रश्नासाठी मी आले होते त्याला शेवटची २० मिनिटं उरली. प्रश्न हा, की सगळंच जर गोष्ट आहे, कागद सत्तेचा आहे, तर उद्या कोणी म्हटलं की नाझींनी ज्यूंना गॅस चेंबरमध्ये मारलंच नाही, ही पण एक गोष्ट, तर त्याला काय सांगायचं?

२० मिनिटांत सरांनी जे सांगितलं ते इतकं महत्त्वाचं होतं की त्याला अख्खा रविवार हवा. डेव्हिड अर्व्हिंग नावाच्या लेखकानं अमेरिकन इतिहासकार डेबोरा लिपस्टाट आणि तिच्या प्रकाशकावर लंडनमध्ये बदनामीचा खटला भरला, कारण तिनं त्याला नरसंहार नाकारणारा म्हटलं होतं. बचावाकडून इतिहासकार रिचर्ड इव्हान्स उभे राहिले, तेच ज्यांनी १९९७ ला उत्तराधुनिक टीकेला उत्तर म्हणून इतिहासाची बाजू मांडणारं पुस्तक लिहिलं होतं. त्यांनी केलं काय, तर अर्व्हिंगच्या पुस्तकातल्या तळटीपा एक एक करून मूळ कागदाशी ताडून पाहिल्या, आणि सापडलं की कागद एक सांगतो, हा दुसरंच लिहितो, आणि चूक दरवेळी एकाच बाजूला झुकते. एप्रिल २००० मध्ये कोर्टानं अर्व्हिंगच्या विरोधात निकाल दिला. म्हणजे अर्थ दहा असतील, पण कागदात नाही ते आहे म्हणता येत नाही, आणि आहे ते लपवता येत नाही. व्हाइटला सुद्धा याच प्रश्नावर घेरलं होतं, १९९२ ला यावर मोठा ग्रंथ निघाला, त्यात इटालियन इतिहासकार गिन्झबर्ग त्याच्याशी उघड भांडतात. यातलं एकही पान आम्हाला झेरॉक्स मिळालं नाही. मी घरी फोन करून मागितलं तेव्हा सरांनी पाठवलं, तक्रार नाही, पण जे मागणार नाही त्यांचं काय? ती स्पर्धा परीक्षावाली पोरं पाचव्या रविवारी नव्हतीच, ती एवढंच घेऊन गेली की इतिहासात खरं-खोटं काही नसते. एकानं तर तसं स्टेटस पण टाकलं. माझं स्पष्ट म्हणणं आहे की हा भाग दुसऱ्याच रविवारी घ्यावा, व्हाइटच्या शेजारी. विहिरीत उतरायची दोरी आधी बांधतात.

सहाव्या रविवारी प्रत्येकानं आपला एक कागद आणायचा होता. तलाठी काकांनी वाजिब-उल-अर्जची नक्कल आणली, गावची जुनी वहिवाट लिहिलेली, गुरं कुठं चरतील, सरपण कोण नेईल. पारधी पोरगा कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल घेऊन आला, आजोबाच्या जन्माची, जात दाखल्यासाठी काढलेली. ज्या सरकारी कागदांनी आजोबाला गुन्हेगार केलं त्यातलाच एक आज नातवाच्या हक्काचा पुरावा आहे, हे तो स्वतः म्हणाला. मी पेटीतला कागद नेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आत्महत्या झाली की चौकशी होते, नापिकी होती का, कर्ज होतं का, परतफेडीचा तगादा होता का, आणि त्यावरून प्रकरण पात्र की अपात्र ठरते. पात्र असेल तर १ लाखाची मदत, ३० हजार लगेच आणि ७० हजार ठेव म्हणून. आमच्या कागदात लिहिलंय की मयताच्या नावे बँकेचं थकीत कर्ज आढळत नाही. बरोबर आहे, आढळणारच नाही, कारण बियाणं आणि खत कृषी केंद्रातून उधारीवर होतं, आणि बाकीचं एका खाजगी माणसाकडून, मोठ्या आईचे डोरले ठेवून. हे कुठं लिहिलं जात नाही. त्या कागदात एक वाक्य खोटं नाही आणि तरी मोठे बाबा त्यात नाहीत. उद्या ५० वर्षांनी कोणी पात्र प्रकरणं मोजून आकडा काढेल, त्यात ते येणार नाहीत. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही पण जिनं आयुष्यभर वावरात निंदण-वेचणी केली तिचं पण हेच.

सर बराच वेळ कागद पाहत राहिले. मग त्यांनी महानुभाव पंथाच्या रिद्धपूरचं सांगितलं, आणि सहा रविवारांतलं मला सगळ्यात जवळचं वाटलेलं हेच. म्हाइंभटानं पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, गोळा केल्या, १२७८ च्या आसपास, तर तो घरी बसून आठवून लिहीत बसला नाही. ज्यानं पाहिलं त्याच्याकडं गेला, विचारलं, ताडून पाहिलं. पुढं मूळ पोथी हरवली तर अनुयायांनी आठवून परत उभी केली आणि एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ सांभाळले. सर म्हणाले, "हे उत्तराधुनिक नाही बरं का पोरी. यांना सत्य नाही असं म्हणायचं नव्हतं. सत्य फार मोलाचं आहे, एकाच्या आठवणीवर सोडता येत नाही, म्हणून चार पाठ ठेवले." आपल्याच अमरावती जिल्ह्यात, ७०० वर्षांआधी. मला माझ्या प्रश्नाचं उत्तर फूकोपेक्षा इथं मिळालं, पण फूको झाला नसता तर प्रश्नच नीट विचारता आला नसता हेही तितकंच खरं.

बाकी किरकोळ. नोट्स निम्म्या इंग्रजीत आहेत, मराठीत करायलाच पाहिजे, बचत गटाच्या ताई दोनदा तसं बोलल्या. बायकांनी लिहिलेलं जवळपास काहीच नाही, फक्त स्पिव्हाक यांच्या १९८८ च्या लेखाचा एक उल्लेख, खालच्या माणसाला बोलता येते का या प्रश्नाचा, आणि तोही घाईत. वाचनालयात बायकांसाठी बाथरूम नाही, शेजारच्या घरी जावं लागते. चहा चांगला. सर्टिफिकेट मिळत नाही, प्रमोशनसाठी करत असाल तर कामाचं नाही. एसटी रविवारी कमी असतात, ९.३० ची चुकली तर वर्ग चुकला. पाचपैकी चार स्टार देते, एक पाचव्या रविवारासाठी कापला.

दसऱ्यात माहेरी गेले तेव्हा वही घेऊन मोठ्या आईजवळ बसले. तो कागद वाचून दाखवला, पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत कोणी तिला वाचून दाखवला नव्हता. मग म्हटलं, आता तू सांग, मी लिहिते. कागदात मंगळवार आहे, म्हणून मी वहीत पण वर मंगळवार टाकला आणि सुरुवात केली. तिनं मला तिथंच थांबवलं. "मंगयवार नोको लिहू. बुधवार होता. बाजार होता त्या दिवशी, ते मले पिशवी मागून गेले. ते आधी बरोबर कर, मंग बाकीचं सांगतो."